प्रीतीचे श्रम आणि लोकांचे बोल



मुंबईहून नागपूरकडे जाणारी गाडी बडनेरा सोडून निघाली, कीं चांदूर मागें टाकून ती धामणगांवास येते. यवतमाळकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो. आगगाडीनें या गांवाला मोठें केलें, आणि त्या उपकाराची आठवण म्हणून कीं काय, गांवानें आपल्या नांवापुढें 'रेल्वे' हा शब्द कायमचा लावून घेतला आहे. कापसाच्या हंगामांत येथल्या बाजारांत एखाद्या गाडीपाशीं घटकाभर उभें राहून पाहावें. घेणारा व्यापारी ढिगांत हात घालून मूठभर कापूस उपसतो, चिमटींत धरून दोन्ही हातांनीं हलकेच ओढतो. धागा किती लांब निघतो, ताण किती सोसतो, पाला-कचरा किती आहे, ओल किती आहे, हें नजरेनें व बोटांनीं पाहतो आणि भाव बोलतो. मृगांत पेरलेल्या बियाण्यापासून दिवाळीच्या सुमारास होणाऱ्या वेचणीपर्यंत जे श्रम झाले, त्यांचा निकाल असा पांच मिनिटांत लागतो. तो निकाल कित्येकदां अन्यायाचा असतो आणि शेतकऱ्याचा सारा संसार त्याच्यावर टांगलेला असतो. तरीही निकाल कशाचा लागला, हें त्याला नीट कळतें. भाव धाग्याच्या लांबीला मिळाला, त्याच्या कुळशीलाला नव्हे.

ज्या श्रमांविषयीं मला आज आपल्याशीं बोलावयाचें आहे, त्यांना असा बाजार नाहीं. कोणी दिवसभर कचेरींत खर्डेघाशी करून रात्रीं कविता लिहितो. कोणी बाई जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतांना कडेला अशी कांहीं नक्षी घालते, कीं जिची गोधडीच्या उबेला तिळमात्र गरज नसते. कोणी तरुण गणेशोत्सवांतील नाटकासाठीं महिनाभर पदांना चाली लावीत बसतो. हें सारें कोणी मागितलेलें नसतें. त्याची मजुरी ठरलेली नसते. तें केल्यावांचून राहवत नाहीं म्हणून तें केलें जातें. अशा श्रमांना मी प्रीतीचे श्रम म्हणतों. त्यांना तोलणारा कांटा नसल्यामुळें लोकांचे बोल हाच त्यांचा कांटा होऊन बसतो. आणि मग एक चमत्कारिक गोष्ट दिसते. व्यवहारांत शेंपन्नास रुपयांची खोट आली तरी जो गृहस्थ शांतपणें जेवतो, तोच आपल्या कवितेविषयीं कोणी एक वांकडें वाक्य बोलला तर तीन रात्री जागा राहतो. स्तुतीचेंही तसेंच. पगारवाढीनें जो हुरळत नाहीं, तो एका 'वाहवा'नें हुरळतो.

असें कां व्हावें? मला जें कारण दिसतें तें असें. काम चालू असतां करणाऱ्याचा 'मी' जागेवर नसतो. तो कोठेंतरी गेलेला असतो. हात, डोळे आणि समोरचें काम एवढेंच उरलेलें असतें. या कामांतला सगळा आनंद त्या 'मी'च्या गैरहजेरींतला आहे. पण काम संपलें, लोकांपुढें ठेवलें, कीं तो 'मी' परत येतो आणि थेट कामाच्या जागीं जाऊन बसतो. लोक बोलतात कामाविषयीं, ऐकतो तो. 'तिसरें कडवें सैल झालें आहे' असें कोणी म्हटलें, कीं याला ऐकूं येतें, 'तूं सैल आहेस'. 'चाल गोड आहे' असें म्हटलें, कीं ऐकूं येतें, 'तूं थोर आहेस'. दोन्ही वेळां ऐकण्यांत चूक झाली आहे आणि दोन्ही वेळां नुकसान कामाचें होतें.

तेव्हां प्रश्न असा, कीं या 'मी'ला लोकांच्या आणि कामाच्या मधून बाजूला कसें करावें? वऱ्हाडानें याचीं दोन वेगवेगळीं उत्तरें एकाच पिढींत पाहिलीं आहेत. एक माणूस सरकारी कचेरींतला कारकून होता, दुसरा वकील. एकाचा जन्म १८७२ चा, दुसऱ्याचा १८७१ चा. स्वभावानें मात्र दोघे दोन टोकांचे.

कारकुनाचें नांव नारायण मुरलीधर गुप्ते. जन्म बुलढाणा जिल्ह्यांतील मलकापूरचा, नोकरी वऱ्हाडांतच. या नांवानें ते आपल्यापैकीं अनेकांना ओळखूं येणार नाहींत. ओळख पटेल ती एका अक्षरानें: 'बी'. वऱ्हाडांतल्या माणसाला 'बी' म्हटलें कीं आधीं पेरणी आठवते, आणि या कवीच्या बाबतींत ती आठवण अगदींच अस्थानीं म्हणतां येणार नाहीं. त्यांची 'प्रणयपत्रिका' ही कविता हरिभाऊ आपट्यांच्या 'करमणूक' पत्रांत १८९१ सालीं आली. तेव्हां कवीचें वय एकोणीस वर्षांचें. त्यांचा पहिला संग्रह 'फुलांची ओंजळ' निघाला १९३४ सालीं; तेव्हां कवी बासष्ट वर्षांचे होते. या दोन तारखांमध्यें त्रेचाळीस वर्षें आहेत. त्या संग्रहानंतर 'पिकलें पान' नांवाचा आणखी एक लहानसा संग्रह आला. १९४७ सालीं ते वारले. साऱ्या आयुष्याची कविता मोजली तर ती पन्नासाच्या आंतच भरते.

हा हिशेब मीं मुद्दाम सांगितला. वर्षाला एक कविता, हेंही प्रमाण येथें पडत नाहीं. आणि या थोड्या कवितांत 'चाफा' आहे, 'माझी कन्या' आहे, 'वेडगाणें' आहे. 'चाफा' तर पुढें लता मंगेशकरांच्या कंठांतून आणि वसंत प्रभूंच्या चालींतून घरोघर पोंचला. ज्यांनीं 'फुलांची ओंजळ' हातांत कधीं धरली नाहीं त्यांनाही तो पाठ झाला. त्या कवितेचा अर्थ काय, यावर रसिकांनीं पुष्कळ डोकें खाजविलें आहे. कोणी तींत रुसलेली प्रीति पाहिली, कोणी जीव आणि शिव पाहिले. कवितेचा अर्थ एका वाक्यांत हातीं येत नाहीं म्हणून ती वाईट, असें म्हणणारेही असणारच. पण पाऊणशें-शंभर वर्षें जी कविता माणसें गुणगुणत राहिलीं, तिला काय म्हणावयाचें आहे हें त्यांच्या जिभेला तरी कळलें असलें पाहिजे.

टोपणनांव घेणें ही त्या काळीं नवलाची गोष्ट नव्हती. केशवसुत, विनायक, गोविंदाग्रज, अशीं किती तरी नांवें. पण त्यांपैकीं बहुतेकांचीं टोपणनांवें म्हणजे दर्शनी दरवाजावरची पाटी होती. आंत कोण राहतो तें गांवाला ठाऊक असे. 'बी' हें अक्षर मात्र खरोखरीच पडद्यासारखें होतें. मासिकांत कविता छापून येई, वाचक तिचें कौतुक करीत किंवा करीत नसत, आणि ज्याच्याविषयीं हें चाललें होतें तो गृहस्थ कचेरींत बसून कागदांवर शेरे लिहीत असे. कल्पना करा, कीं शेजारच्या मेजावरचा सहकारी त्याच कवितेची निंदा करीत आहे. ती निंदा 'बी'ची होती. गुप्त्यांना तिच्यांतलें खरें तेवढें उचलून घरीं नेतां येत होतें. स्तुतीविषयीं तेंच. हें त्यांनीं असा विचार करून केलें, असें मी म्हणत नाहीं. त्यांच्या मनांत शिरण्याचा मला अधिकार नाहीं. पण परिणाम असा झाला, कीं कवितेला मिळणारा भाव आणि माणसाला मिळणारा मान या दोन गोष्टी त्यांच्या आयुष्यांत अलग राहिल्या. कापसाच्या बाजारांत जें आपोआप होतें, तें त्यांनीं एका अक्षराच्या आडोशानें साधलें.

या मार्गाची किंमतही सांगितली पाहिजे, नाहीं तर चित्र एकांगी होईल. जो इतका आडोशाला राहतो त्याच्याकडे कोणी चांगला टीकाकार वेळेवर पोंचत नाहीं. 'फुलांची ओंजळ' बासष्टाव्या वर्षीं निघाली, ती पस्तिसाव्या वर्षीं निघाली असती तर पुढच्या पंचवीस वर्षांत आणखी काय लिहून झालें असतें, हें कोणी सांगावें? मौन हें नेहमींच तपाचें लक्षण असतें असें मानण्याची आपल्याकडे एक भाबडी संवय आहे. मला ती पटत नाहीं. कित्येकदां तो नुसता संकोच असतो, आणि संकोचानें पुष्कळ चांगली कविता वहींतच मेलेली आहे.

'फुलांची ओंजळी'ला प्रस्तावना लिहिली ती आचार्य अत्र्यांनीं. हें पाहिलें म्हणजे मौज वाटते. याच अत्र्यांनीं 'केशवकुमार' या नांवानें १९२५ सालीं 'झेंडूचीं फुलें' काढून त्या काळच्या कवींची, विशेषतः रविकिरण मंडळाच्या ढंगाची, अशी रेवडी उडविली कीं महाराष्ट्र पोट धरधरून हंसला. विडंबन हीही टीकाच आहे, आणि सर्वांत कडू टीका आहे; कारण तिच्याशीं वाद घालतां येत नाहीं. हंसणाऱ्या माणसाला प्रत्युत्तर काय देणार? पण जो हात विडंबन लिहितो तोच हात नऊ वर्षांनीं एका वृद्ध कारकुनाच्या कविता डोक्यावर घेऊन लोकांपुढें येतो, यांत मला विसंगति दिसत नाहीं. कृत्रिम फूल ज्याला लांबून ओळखूं येतें त्यालाच खरें फूल ओळखूं येतें. स्तुति करणाऱ्याच्या शब्दाला किंमत येते ती त्यानें पूर्वीं कशाकशाची स्तुति केलेली नाहीं, यावरून.

आतां वकिलाकडे वळूं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचा जन्म नागपूरचा, बाळपण बुलढाण्याचें. पुढें अकोला, खामगांव, जळगांव-जामोद येथें त्यांनीं वकिली केली. यांनीं आडोसा घेतला नाहीं. उलट, साहित्याच्या चव्हाट्यावर ते आले ते टीकाकार म्हणूनच. १८९३ सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, 'विविधज्ञानविस्तारां'त त्यांनीं 'विक्रमशशिकला' या नाटकाचें परीक्षण लिहिलें. दुसऱ्याच्या नाटकांतले दोष दाखविणारा हा तरुण तीनच वर्षांनीं स्वतःचें 'वीरतनय' घेऊन उभा राहिला आणि किर्लोस्कर मंडळीनें तें रंगभूमीवर आणलें. टीकाकारानें स्वतः नाटक लिहावें, म्हणजे न्यायाधीशानें आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें राहण्यासारखें आहे. आणि कोल्हटकर त्या पिंजऱ्यांत पुढें जन्मभर उभे होते.

त्यांच्यावर टीका काय झाली हें पाहण्यासारखें आहे, कारण तींतली कांहीं खरी होती. त्यांनीं नाटकांतील पदांना पारशी रंगभूमीवरच्या चटकदार चाली आणल्या. कांहीं प्रेक्षक त्यावर लुब्ध झाले, तर कांहींना अण्णासाहेब किर्लोस्करांच्या साध्या, घरगुती चालींपुढें तें परकें वाटलें. त्यांचीं कथानकें गुंतागुंतीचीं असत. कोट्यांचा तर असा पाऊस पडे, कीं राजा आणि त्याचा सेवक दोघेही सारख्याच चतुराईनें बोलूं लागत आणि प्रेक्षकाला पात्रांच्या ऐवजीं लेखकच ऐकूं येई. आज 'मूकनायक' किंवा 'मतिविकार' कोणी सहसा करीत नाहीं, यावरून या आक्षेपांत तथ्य होतें असें म्हणावें लागतें.

पण त्याच कोट्यांचें पुढें काय झालें पाहा. नाटकांत ज्या अडगळ झाल्या होत्या, त्याच विनोदी लेखांत येतांच चालूं लागल्या. १९०२ पासून त्यांनीं जे विनोदी लेख लिहिले, त्यांतले अठरा १९१० सालीं 'सुदाम्याचे पोहे' या नांवानें एकत्र झाले. सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या हीं तीन माणसें त्यांत जन्मलीं आणि तेथून मराठी विनोदाची नवी वाट फुटली. रूढींची थट्टा असल्यामुळें सनातनी मंडळी रागावलीं, तें वेगळें. ही गुणाची बदलून ठेवलेली जागा मला फार बोधक वाटते. लोक ज्याला दोष म्हणत होते, तो दोष नव्हता. तो चुकीच्या खोलींत ठेवलेला सामान होता.

आणि 'सुदाम्याचे पोहे' हें नांव! प्रीतीच्या श्रमांना याहून चपखल नांव मला सुचत नाहीं. सुदामा ते पोहे काखेंत दडवून ठेवतो. द्वारकेचें वैभव पाहून त्याला आपल्या पुरचुंडीची लाज वाटते. म्हणजे देणाऱ्याला आपल्या देण्याची किंमत कळत नाहीं, ती पाहणाऱ्याला कळते. आपल्या हस्तलिखिताची वही कोणापुढें करतांना प्रत्येक नवशिक्याची काख अशीच आंवळलेली असते.

कोल्हटकरांचें आणखी एक पुस्तक आहे, आणि त्याच्याविषयीं मला त्यांच्या नाटकांपेक्षां अधिक कुतूहल आहे. १९१३ सालीं त्यांनीं 'भारतीय ज्योतिर्गणित' हा ग्रंथ लिहिला. थोडा विचार करा. नाटकाला टाळ्या पडतात, विनोदाला हंसू येतें. गणिताच्या ग्रंथाला कोण टाळ्या वाजविणार? आडगांवच्या वकिलानें दिवसभर अशीलांच्या कज्जांत डोकें घालावें आणि नंतर ग्रहगतींचीं कोष्टकें मांडीत बसावें, याला लोकस्तुतीचें कोणतेंही स्पष्टीकरण लागू पडत नाहीं. हें त्यांचें खासगी सुख होतें. ज्याच्यापाशीं असें एक काम आहे, कीं ज्याची वाहवा होणार नाहीं हें त्याला आधींच ठाऊक आहे, त्याला इतर कामांची वाहवा किंवा निंदा पचविणें सोपें जात असावें, असा माझा तर्क आहे. 'बीं'नीं 'मी'ला अक्षराआड ठेवलें. कोल्हटकरांनीं त्याला इतकें कामांत गुंतवून ठेवलें, कीं मागच्या कामाविषयींचे बोल ऐकत बसण्यास त्याला फुरसतच राहूं नये.

ते टीका लिहीत तीही ध्यानांत घेण्यासारखी असे. न. चिं. केळकरांच्या 'तोतयाचें बंड' या नाटकाचें किंवा वामन मल्हारांच्या 'रागिणी'चें त्यांनीं केलेलें परीक्षण म्हणजे चार ओळींचा अभिप्राय नव्हे. कलाकृतीशेजारीं बसून, तिचे सांधे उसकून केलेली ती तपासणी आहे. एवढे श्रम दुसऱ्याच्या पुस्तकावर घेणें, हाच मुळीं त्या पुस्तकाचा मोठा सन्मान आहे. राम गणेश गडकरी आणि वि. स. खांडेकर त्यांना गुरु मानीत, तें उगीच नव्हे.

हें झालें थोरांचें. आपल्यासारख्यांनीं काय करावें? टीकेची गोष्ट आधीं घेतों, कारण ती सोपी आहे. होय, सोपी. जेवणाऱ्यानें वरण चाखून 'यांत कांहीं तरी कमी आहे' म्हटलें, तर तो बहुतेक वेळां बरोबर असतो. पुढें तो म्हणाला, 'चिंच कमी आहे,' तर तो बहुतेक वेळां चुकलेला असतो. कमी मीठ असतें, किंवा फोडणी जळलेली असते. स्वयंपाक करणारीनें त्याच्या पहिल्या वाक्यावर विश्वास ठेवावा, दुसऱ्यावर ठेवूं नये. वाचकाचेंही असेंच आहे. तो कोठें अडखळला, ती जागा खरी. त्यानें सुचविलेला उपाय मात्र तपासून घ्यावा. जी टीका जागा दाखवीत नाहीं, केवळ 'हें काय लिहिलें आहे' एवढेंच म्हणते, तींत घेण्यासारखें कांहीं नसतें. ती पावसाळी हवेसारखी सोसावी. आणि कोणतीही टीका ऐकल्याबरोबर उत्तर देऊं नये. आठ-पंधरा दिवस ती वहीच्या पानांत घालून ठेवावी. तेवढ्या अवकाशांत तिच्यांतला बोलणाऱ्याचा स्वर विरून जातो आणि उरतें तें निव्वळ म्हणणें.

इंग्रजी वाचणारांत अशी एक दंतकथा रूढ आहे, कीं कीट्स कवीला टीकाकारांनीं मारलें. १८१८ सालीं त्याच्या 'एंडिमियन' काव्यावर फार कठोर लेख आले, आणि १८२१ सालीं तो पंचविसाव्या वर्षीं वारला, एवढें खरें. पण मृत्यु क्षयानें झाला. आणि त्या काव्याच्या प्रस्तावनेंत त्यानें स्वतःच त्याचा कच्चेपणा कबूल केला होता. त्याच्या पत्रांवरून दिसतें, कीं इतरांच्या टीकेपेक्षां त्याची स्वतःचीच टीका त्याला अधिक बोंचत होती. त्या लेखांनंतरच्याच वर्षीं, १८१९ सालीं, त्यानें आपलीं सर्वोत्तम गीतें लिहिलीं. मेलेला माणूस असें लिहीत नाहीं.

अवघड आहे ती स्तुति. टीका निदान माणसाला पुन्हां कामाकडे ढकलते. स्तुति त्याला कामापासून उठवून आरशापुढें नेते. शिवाय ती नेहमीं झालेल्या कामाविषयीं असते, आणि करणाऱ्याचा हात पुढच्या कामांत असावयास हवा. १९०७ सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत त्र्यंबक बापूजी ठोमरे या पोरसवदा मुलानें कविता म्हटली आणि तेथें त्याला 'बालकवि' ही पदवी मिळाली. पदवी प्रेमानें दिलेली होती आणि मुलगा तिला पात्रही होता. पण स्तुति ही मापाला बेतून शिवलेल्या अंगरख्यासारखी असते. अंग वाढतें, अंगरखा वाढत नाहीं. १९१८ सालीं अवघ्या सत्ताविसाव्या वर्षीं ते गेले, तोंवर त्यांच्या कवितेंत 'पारव्या'सारखी खिन्नता उतरली होती. पण आनंदी बालक म्हणून त्यांची जी मूर्ति लोकांनीं एकदां घडविली, तींत ती खिन्नता बसविणें वाचकांना अजूनही जड जातें. ठोमऱ्यांनीं स्वतः तो अंगरखा उसवून पुढें लिहिलें, हें त्यांचें मोठेपण.

येथें कोणी विचारील, कीं हें सारें पोट भरलेल्यांचें तत्त्वज्ञान नव्हे काय? कारकुनाला पगार होता, वकिलाला वकिली होती. लोकांचे बोल त्यांच्या भाकरीपर्यंत पोंचत नव्हते. आक्षेप रास्त आहे. याच वऱ्हाडांतल्या उद्धव शेळक्यांचें उदाहरण पाहा. १९६० सालीं त्यांची 'धग' प्रसिद्ध झाली. दारिद्र्याशीं झुंजणाऱ्या एका बाईची ही कथा, वऱ्हाडी बोलीच्या सगळ्या तिखटमिठासह. आणि त्या नायिकेचें नांव आहे कौतिक, जिच्या वांट्याला जन्मांत कौतुक म्हणून आलें नाहीं. मराठींतल्या उत्तम कादंबऱ्यांत 'धग'ची गणना होते. पण शेळक्यांना पुढें लेखणीवरच संसार चालवावयाचा होता, म्हणून त्यांनीं लोकांना हव्या तशा कादंबऱ्यांचा मोठा ढीग लिहिला. त्याबद्दल त्यांना नांवें ठेवणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांत सामील होणार नाहीं. 'धग' वाचून माना डोलावणारांपैकीं कितीजणांनीं ती विकत घेतली होती, हें आधीं विचारावें. जो समाज उत्तम कृतीला नुसती वाहवा देतो आणि मध्यम कृतीला पैसे देतो, त्याला लेखकानें मध्यम लिहिलें अशी तक्रार करतां येत नाहीं.

म्हणून शेवटीं दोन शब्द बोलणारांविषयीं, म्हणजे आपल्या घरांविषयीं. मूल चित्र काढतें आणि आपण मान वर न करतां 'छान' म्हणतों. त्या 'छान'चा अर्थ मुलाला तत्काळ कळतो: बाबांनीं पाहिलेलें नाहीं. त्याऐवजीं 'हा बैल तूं मागून काढलास, तें कसें सुचलें?' एवढें विचारलें, तर त्यांत स्तुतीही आली आणि लक्षही आलें. पाहुणे आले कीं मुलीला ओढून आणून 'गाणें म्हणून दाखव' म्हणण्याची आपली चाल तर सर्वस्वीं सोडून देण्यासारखी आहे. त्या क्षणीं गाणें संपतें आणि परीक्षा सुरू होते. घरांतल्या प्रौढ बायकांच्या कामाची गत याहून निराळी नाहीं. कुरडया, गोधड्या, रांगोळ्या, जात्यावरच्या ओव्या यांच्याकडे आपण इतक्या संवयीनें पाहतों, कीं त्यांत कोणाची तरी बुद्धि आणि आवड खर्च झाली आहे हें ध्यानांतच येत नाहीं.

वऱ्हाडाच्या शेजारीं खानदेशांत, जळगांवास, बहिणाबाई चौधरी राहत. त्यांना लिहितांवाचतां येत नव्हतें. शेतांत आणि जात्याशीं काम करतां करतां त्या आपल्या बोलींत गाणीं रचीत आणि म्हणत. त्यांना श्रोता असा नव्हता, टीकाकार नव्हता, भाव ठरविणारा नव्हता; दळण मात्र होतें. चिरंजीव सोपानदेव स्वतः कवि होते. त्यांनीं आणि त्यांच्या मावसभावानें वेळोवेळीं हीं गाणीं उतरून घेतलीं, एवढ्यामुळेंच तीं राहिलीं. जीं उतरून घेतलीं गेलीं नाहींत तीं किती होतीं हें कोणालाच माहीत नाहीं. ३ डिसेंबर १९५१ रोजीं बहिणाबाई वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनीं ती वही अत्र्यांना दाखविली, आणि १९५२ सालीं अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईचीं गाणीं' हें पुस्तक निघालें. महाराष्ट्रानें तें डोक्यावर घेतलें. छापलेलें पुस्तक हातांत धरावयास त्या स्वतः नव्हत्या.